पेशीच्या लक्षात राहते ते

१७४२ साली स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला स्टॉकहोमच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर एक चमत्कारिक रोपटे सापडले. पाने आणि खोड टोडफ्लॅक्स नावाच्या तिथल्या साध्या रानफुलाचे, फूल मात्र भलत्याच घडणीचे. टोडफ्लॅक्सच्या फुलाला वरचा आणि खालचा असे दोन वेगळे ओठ असतात आणि खालच्या बाजूला मधाचा एकच लांबट काटा असतो. या रोपट्याच्या फुलांना ओठ नव्हते, काटे पाच होते आणि फूल कसेही फिरवले तरी सारखेच दिसत होते. फुलांच्या अवयवांवरून वनस्पतींची कुळे लावणाऱ्या कार्ल लिनियसच्या सगळ्या मांडणीलाच हा धक्का होता. १७४४ साली त्याने या वाणाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि राक्षसाची आठवण व्हावी असे ‘पेलोरिया’ हे नाव त्याला दिले. विसाव्या शतकात जनुकशास्त्र आले तेव्हा याचा उलगडा साधा वाटला: डीएनएच्या मजकुरात कुठेतरी एखादे अक्षर बदलले असणार. १९९९ साली इंग्लंडमध्ये नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमधील एनरिको कोएन यांच्या गटाने फुलाची वरची बाजू घडवणारे जनुक दोन्ही प्रकारच्या झाडांतून काढून तपासले, तेव्हा मजकुरात हे रूप समजावेल असा काहीच फरक निघाला नाही. पेलोरियातल्या जनुकावर जागोजागी मिथाइलचे गट चिकटलेले होते आणि ते जनुक गप्प होते, एवढेच. ज्या फांदीतून हे गट गळून गेले, त्या फांदीला पुन्हा ओठवाली फुले येऊ लागली होती.

मिथाइल गट म्हणजे एक कार्बन आणि त्याला जोडलेले तीन हायड्रोजन. रसायनशास्त्रात याहून किरकोळ चीज शोधून सापडणार नाही. डीएनएचा मजकूर ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांनी लिहिलेला असतो. त्यांपैकी सायटोसिनच्या कड्यातल्या पाचव्या जागी हा गट बसतो. बसल्यावरही सायटोसिन पूर्वीसारखेच समोरच्या ग्वानिनशी जोडी जमवते, म्हणून मजकूर जसाच्या तसा राहतो. गट मात्र डीएनएच्या रुंद खाचेत डोकावत असतो, आणि तिथे येऊन बसणाऱ्या प्रथिनांना तो जाणवतो: काहींना त्याची अडचण होते, काही नेमकी त्यालाच पकडतात. अमेरिकेत रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रोलिन हॉचकिस यांना १९४८ साली वासराच्या थायमस ग्रंथीतल्या डीएनएची फोड करताना कागदावर सायटोसिनच्या जरा पुढे एक वेगळा ठिपका दिसला. हाच तो घटक. त्याला काम काय, हे त्या वेळी कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. आज त्याच्याविषयी बोलणाऱ्यांची वाण नाही. अशा खुणांच्या अभ्यासाचा एपिजेनेटिक्स हा शब्द वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत आणि गर्भसंस्काराच्या जाहिरातींत सर्रास दिसतो, आणि आहारविहार बदलून आपण आपली जनुके हवी तशी चालू-बंद करू शकतो, शिवाय तो बदल पुढच्या पिढीला देऊ शकतो, असे त्यातून छातीठोकपणे सांगितले जाते. माझे म्हणणे याच्या बरेच अलीकडे थांबते. डीएनएवरच्या या रासायनिक खुणा क्वचितच निर्णय घेतात. दुसरीकडे झालेला निर्णय त्या टिकवून धरतात. जमिनीचा व्यवहार खरेदीखताने होतो, सातबाऱ्यावरची नोंद मागाहून चढते आणि त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही. पण एकदा नोंद झाली की पुढची कर्जे, वाटण्या आणि भांडणे तिच्याच आधाराने चालतात, आणि ती चुकली तर माणसे देशोधडीला लागतात. मिथाइलची ताकद आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी अशाच प्रकारच्या आहेत.

या खुणेचे सर्वांत जुने आणि स्वच्छ उदाहरण जीवाणूंमध्ये सापडते. १९५०च्या दशकात एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात आली होती. जीवाणूंना मारणारा विषाणू एका वाणाच्या ई. कोलाय जीवाणूत वाढवला आणि मग दुसऱ्या वाणावर सोडला, तर बहुतेक विषाणू वाया जात. जे थोडे वाचत त्यांची पिल्ले मात्र नव्या वाणात मजेत वाढत, आणि परत जुन्या वाणाकडे नेले की पुन्हा मार खात. म्हणजे विषाणूमध्ये कायमचा बदल होत नव्हता. तो शेवटी कोणाच्या घरी राहिला याची खूण तेवढी त्याच्यावर राहत होती. जिनिव्हामध्ये वेर्नर आर्बर आणि डेझी द्युस्वा यांनी १९६२ साली ही खूण विषाणूच्या डीएनएवर असते हे दाखवले, आणि ती उमटवायला मेथिओनिन हे अमिनो आम्ल लागते हे आर्बर यांनी १९६५मध्ये दाखवल्यावर ती मिथाइलची असणार हे जवळपास निश्चित झाले, कारण पेशीतले मिथाइल मेथिओनिनमार्फतच येते. जीवाणूकडे दोन विकरे असतात. एक आपल्या डीएनएतल्या ठरावीक जागांवर मिथाइल लावते, दुसरे त्याच जागा मिथाइलविना दिसल्या की तिथे डीएनए कापते. परका विषाणू आत शिरला की त्याचे तुकडे होतात, घरचा डीएनए सुरक्षित राहतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० साली असे कापणारे विकर शुद्ध स्वरूपात मिळवले, डॅनियल नेथन्स यांनी त्याने विषाणूच्या डीएनएचे नकाशे काढले आणि १९७८चे नोबेल या तिघांना मिळाले. मधुमेह्यांना आज मिळणारे मानवी इन्सुलिन ज्या जनुकीय तंत्रातून आले, त्या तंत्राची कात्री ती हीच. विषाणूही काही कमी नाहीत: टी-४ नावाचा विषाणू आपल्या डीएनएत साधे सायटोसिन ठेवतच नाही, त्याजागी हायड्रॉक्सिमिथाइल-सायटोसिन वापरतो आणि वर साखरही चिकटवतो, म्हणजे यजमानाच्या कात्र्या बोथट होतात.

जीवाणूंकडे याहून सूक्ष्म असा आणखी एक उपयोग आहे. डीएनएची नक्कल होताना अधूनमधून चुकीचे अक्षर बसते. जोडी जुळत नाही हे दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाला कळते, पण दोन धाग्यांपैकी चूक कुठल्या धाग्यात आहे हे त्याला कसे कळावे? जुना धागा खरा आणि नवा चुकीचा, एवढे समजले तरच दुरुस्ती उपयोगाची. उलट झाले तर चूकच कायम होईल. ई. कोलायमध्ये जीएटीसी या क्रमातल्या ॲडेनिनवर मिथाइल लावले जाते, पण नक्कल झाल्यानंतर थोडा वेळ नवा धागा कोराच असतो. दुरुस्तीचे विकर तेवढ्या वेळात कोरा धागा ओळखून तोच कापते. पॉल मॉड्रिच यांनी हे सगळे घटक परीक्षानळीत एकत्र करून चालवून दाखवले आणि २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना आणखी दोघांसोबत वाटून मिळाले. माणसाच्या पेशी ही युक्ती वापरत नाहीत, हेही इथेच सांगितले पाहिजे. त्यांच्याकडे नवा धागा ओळखण्याचे वेगळे मार्ग आहेत. पण दोन्ही उदाहरणांत मिथाइलचे काम एकच दिसते. आपला कोण आणि परका कोण, आधीचा कोण आणि नंतरचा कोण, याची ती नोंद आहे. कापायचे की नाही हे ठरवणारे विकर वेगळे असते.

बहुपेशीय प्राण्यांत ही नोंद कशी टिकते, याचे उत्तर आधी कागदावर सापडले आणि पुरावा नंतर आला. १९७५ साली लंडनजवळ मिल हिल येथे रॉबिन हॉलिडे आणि जॉन प्यू यांनी, आणि स्वतंत्रपणे कॅलिफोर्नियात आर्थर रिग्ज यांनी, एकच कल्पना मांडली. प्राण्यांमध्ये मिथाइल प्रामुख्याने सायटोसिनच्या पुढे ग्वानिन असेल तिथेच लागते. असा क्रम समोरच्या धाग्यावर उलटा वाचला तरी तोच असतो, म्हणून दोन्ही धाग्यांवर समोरासमोर खुणा असतात. पेशी विभागताना धागे सुटतात, प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो, आणि जुन्या धाग्यावर खूण पण नव्यावर नाही अशी अर्धवट अवस्था येते. फक्त अर्धवट जागा शोधून पूर्ण करणारे एखादे विकर असेल तर एकदा लावलेली खूण विभाजनामागून विभाजन तशीच उतरत जाईल. हे लिहिले गेले तेव्हा प्राण्यांतले असे विकर कोणी हाती धरून दाखवले नव्हते. टिमोथी बेस्टर यांनी १९८८मध्ये त्याचे जनुक मिळवले. डीएनएमटी-१ हे त्याचे नाव. १९९२मध्ये एन ली, बेस्टर आणि रुडॉल्फ यानिश यांनी ते जनुक बिघडवलेले उंदीर तयार केले, तेव्हा भ्रूण गर्भावस्थेच्या मध्यावरच मेले. माणसाच्या जनुकसंचात सायटोसिन-ग्वानिन क्रमाच्या सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत आणि बहुतेक पेशींत त्यांपैकी ७० ते ८० टक्के जागांवर मिथाइल असते. हे मिथाइल अंगावर घेण्याची किंमतही मोजावी लागते. साधे सायटोसिन आपोआप बिघडले की युरॅसिल बनते, आणि डीएनएमध्ये युरॅसिलला जागाच नसल्यामुळे ते लगेच पकडले जाते. मिथाइल लागलेले सायटोसिन बिघडले की थायमिन बनते, आणि थायमिन तर घरचेच अक्षर. ही चूक अनेकदा निसटते. लाखो वर्षे ती निसटत राहिल्यामुळे आपल्या डीएनएत सायटोसिन-ग्वानिन हा क्रम अपेक्षेच्या पाचव्या हिश्श्याइतकाच उरला आहे, आणि आनुवंशिक रोगांना कारण होणाऱ्या एकाक्षरी बदलांचा मोठा वाटा याच जागांवर पडतो. इतके नुकसान सोसूनही उत्क्रांतीने ही खूण टाकली नाही, यावरून तिच्या कामाचे वजन कळावे.

ते काम निर्णयाचे की नोंदीचे, याची कसोटी क्ष गुणसूत्रावर लागते. स्त्रीच्या पेशीत दोन क्ष असतात आणि प्रत्येक पेशी त्यांपैकी एक मिटवून टाकते, हे मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते, याचे उत्तर यात आहे: काळा किंवा पिवळा रंग ठरवणारे जनुक क्षवर असते आणि अंगावरचा प्रत्येक ठिपका त्या भागातल्या पेशींनी कुठला क्ष मिटवला ते दाखवतो. आता घटनाक्रम पाहू. मिटवायच्या क्षमधून झिस्ट नावाचा एक आरएनए निघतो, तो त्याच गुणसूत्रावर पसरतो, इतर प्रथिनांना बोलावतो आणि जनुके गप्प होतात. मिथाइल कधी येते? १९८७ साली उंदराच्या गर्भात एचपीआरटी या जनुकाचा माग काढला गेला, तेव्हा गुणसूत्र आधी निष्क्रिय झालेले आणि मिथाइल त्यानंतर लागलेले आढळले. दुसरीकडे, टी. मोहनदास आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये उंदीर आणि माणूस यांच्या संकरित पेशींना मिथाइल पुसणारे औषध दिले, तेव्हा मिटलेल्या मानवी क्षवरची काही जनुके पुन्हा बोलू लागली. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर अर्थ सरळ आहे. गुणसूत्र मिटवण्याचा निर्णय मिथाइलने घेतला नाही, पण निर्णय घेणारे निघून गेल्यावर तो उलटू नये याची हमी त्यानेच दिली.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जनकमुद्रण या घटनेत मिथाइल हेच एकमेव कारण दिसते. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियात जेम्स मॅकग्रा आणि डाव्होर सॉल्टर यांनी १९८४मध्ये गुणसूत्रांचे दोन्ही संच आईचेच किंवा दोन्ही संच बापाचेच असलेले उंदराचे भ्रूण तयार केले. एकही जगला नाही. मजकुरात कसलीही उणीव नव्हती. काही जनुके कोणाकडून आली यावरच ती चालणार की नाही हे अवलंबून असते, आणि ती माहिती बीजांड किंवा शुक्राणू घडताना लावलेल्या मिथाइलमध्ये असते. माणसात पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा बापाकडून आलेल्या प्रतीतून गळला तर कधीही न शमणारी भूक आणि लठ्ठपणा असलेला प्रेडर-विली विकार होतो. तोच तुकडा आईकडच्या प्रतीतून गळला तर वाचा न येणे, झटके येणे अशा लक्षणांचा अँजलमन विकार. मग खूणच निर्णय घेते, असे म्हणायला काय हरकत? हरकत अशी, की खूण कुठे लावायची हे बीजपेशीतल्या यंत्रणेने ठरवलेले असते, कित्येक महिने किंवा वर्षे आधी, आणि ते कोणत्या लिंगाच्या शरीरात घडले यावर ते अवलंबून असते. भ्रूणात ती खूण कारण बनते यात शंका नाही. नोंदीचा परिणाम होतो एवढेच नव्हे, तो जीवनमरणाचा असू शकतो. पण ती भ्रूणापर्यंत पोहोचते ती जुन्या घटनेची स्मृती म्हणून. अलीकडचा एक प्रयोग ही वाटणी छान दाखवतो. मिलानमध्ये अँजेलो लोंबार्डो यांच्या गटाने ठरावीक जनुकावर जाऊन बसतील अशी कृत्रिम प्रथिने पेशीत थोडा काळ सोडली. ती मिथाइल लावून निघून गेली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी उंदराच्या यकृतात कोलेस्टेरॉलशी संबंधित पीसीएसके-९ हे जनुक असे गप्प केले. त्याचे प्रथिन जवळपास निम्म्यावर आले आणि जवळजवळ वर्षभर तसेच राहिले. यकृताचा भाग कापून ते नव्याने वाढवले तरी खूण टिकली. हुकूम देणारे प्रथिन केव्हाच विरघळले होते. राहिली ती नोंद.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. फळमाशीत मिथाइल-सायटोसिन जवळपास नाहीच, सी. एलिगन्स हा सूत्रकृमी आणि पाव फुगवणारे यीस्ट त्यावाचून चालतात. माशीला पंख, डोळे, मेंदू सारे आहे. तर मग ही खूण इतकी महत्त्वाची कशी? मला यात आक्षेपापेक्षा दुजोरा दिसतो. पेशींचे भवितव्य ठरवण्याचे काम मिथाइल करत असते तर त्यावाचून शरीर उभेच राहिले नसते. ते उभे राहते, कारण ठरवण्याचे काम जनुकांना बांधणारी प्रथिने करतात. टिकवण्याची व्यवस्था माशी वेगळ्या वहीत ठेवते: डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर. सस्तन प्राण्यांना दोन्ही वह्या लागतात, आणि त्याचे एक कारण त्यांच्या डीएनएत साचलेल्या उड्या मारणाऱ्या घटकांमध्ये असावे. आपल्या जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग अशा घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. डीएनएमटी-१ नसलेल्या उंदराच्या भ्रूणात यांपैकी एका कुळाच्या आरएनएचे प्रमाण ५० ते १०० पट वाढल्याचे १९९८मध्ये दिसले. ज्यांना एकदा गप्प केले त्यांना जन्मभर गप्प ठेवायचे, हे काम नोंदीचेच.

नोंदी बिघडल्या की काय होते ते कर्करोगात दिसते. अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगलस्टाइन यांनी १९८३ साली गाठींमधल्या डीएनएवरचे मिथाइल आजूबाजूच्या निरोगी ऊतींपेक्षा कमी असल्याचे दाखवले; पुढे उलटही आढळले, की पेशीला आवरणाऱ्या काही जनुकांवर नको तिथे मिथाइल चढते. इथेही सावध राहिले पाहिजे. गाठीत मिथाइल चढलेली पुष्कळ जनुके त्या ऊतीत मुळातच बंद होती असे नंतर दिसून आले, म्हणजे तिथे खुणेने काही नवे केलेच नाही. पण काही जागी तिचे मोल थेट रुग्णाच्या आयुष्यात मोजता येते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात एमजीएमटी हे दुरुस्तीचे जनुक मिथाइलने गप्प असेल तर पेशी औषधाने झालेली जखम भरू शकत नाही. २००५ साली मोनिका हेगी यांच्या गटाने दाखवले, की अशा रुग्णांत किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड दिल्यास आयुष्याचा मध्यक १५.३ महिन्यांवरून २१.७ महिन्यांवर जातो. मिथाइल पुसणाऱ्या औषधाची कथाही बोलकी आहे. ॲझासायटिडिन १९६४मध्ये प्रागमध्ये तयार झाले ते साधे पेशीमारक म्हणून. १९८० साली पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी ते उंदराच्या पेशींना दिले, तेव्हा त्यांतल्या काही पेशी स्नायूंच्या बनल्या, आणि मागे मिथाइल कमी झाले होते. कमी मात्रेत देऊन रक्तपेशींच्या मायलोडिस्प्लास्टिक विकारावर हे औषध वापरायला अमेरिकेत २००४मध्ये परवानगी मिळाली. ते फक्त विभागणाऱ्या पेशींवर चालते, कारण ते जुनी खूण खरवडत नाही. नव्या धाग्यावर ती उतरवणाऱ्या विकराला अडकवून ठेवते. खूण पुसण्याची शरीराची स्वतःची यंत्रणाही आहे. २००९ साली ममता तहिलियानी, अंजना राव आणि सहकाऱ्यांनी टेट-१ हे विकर मिथाइलचे हायड्रॉक्सिमिथाइल करते हे दाखवले. टी-४ विषाणूत भेटलेला तोच घटक, आणि त्याच वर्षी तो उंदराच्या मेंदूतल्या पेशींतही भरपूर सापडला.

आता मोठ्या दाव्यांकडे. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी केलेल्या नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या काळात आईच्या पोटात आलेल्या माणसांची साठीच्या आसपास तपासणी झाली, तेव्हा आयजीएफ-२ या जनुकावरचे मिथाइल त्यांच्या दुष्काळ न भोगलेल्या भावंडांपेक्षा कमी निघाले. २००८ साली बास हाइमान्स, एल. एच. लुमी आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. सहा दशके टिकलेली ही नोंद खरोखर थक्क करणारी आहे. पण फरक सुमारे ५ टक्क्यांचा आहे, तो रक्तात मोजलेला आहे आणि त्या खुणेमुळेच पुढचे आजार झाले असे त्यातून सिद्ध होत नाही. खूण आणि आजार दोन्ही उपासमारीचे परिणाम असू शकतात. नात्याची दिशा उलटी असण्याची शक्यता किती खरी आहे, ते २०१७ साली हजारो लोकांच्या रक्ताच्या अभ्यासात दिसले. त्यांत लंडनमधले भारतीय वंशाचे लोकही होते. लठ्ठपणासोबत सापडणाऱ्या मिथाइलच्या बदलांपैकी बहुतेक बदल लठ्ठपणाचे परिणाम निघाले, कारणे नव्हेत. धूम्रपानाचेही तसेच: एएचआरआर या जनुकावरच्या खुणेतला बदल रक्तात इतका स्पष्ट दिसतो, की सिगारेट सोडून वर्षे झाली तरी माग राहतो. स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३मध्ये ३५३ जागांवरच्या मिथाइलवरून माणसाचे वय काही वर्षांच्या फरकाने सांगणारे गणित मांडले. त्याला घड्याळ म्हणतात, आणि काटे मागे फिरवले की म्हातारपण मागे जाईल अशी आशा दाखवून चाचण्या विकल्या जातात. नोंद खोडली म्हणून झालेला व्यवहार रद्द होत नाही, हे तिथे लागू पडते.

वारशाच्या बाबतीत झाडे आणि आपण यांत मोठा भेद आहे. पेलोरियाची खूण बियांतून उतरते. सस्तन प्राण्यांत मात्र मिथाइल दोनदा मोठ्या प्रमाणावर पुसले जाते: एकदा गर्भधारणेनंतर लगेच, आणि पुन्हा भ्रूणातल्या बीजपेशी घडताना. या दोन झाडाझडतींतून वाचणाऱ्या जागा आहेत, पण थोड्या. ज्याचे नाव सारखे काढले जाते ते उदाहरण अगूटी उंदरांचे. २००३ साली रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी गाभण उंदरीच्या आहारात फोलिक आम्ल, ब-१२, कोलीन आणि बीटेन वाढवले, तेव्हा पिल्ले पिवळ्याऐवजी तपकिरी अधिक निघाली, कारण रंगाच्या जनुकाशेजारच्या उडत्या घटकावर मिथाइल वाढले होते. प्रयोग चोख आहे. पण केंब्रिजमधल्या अ‍ॅन फर्ग्युसन-स्मिथ यांच्या गटाने २०१८मध्ये उंदराच्या पूर्ण जनुकसंचात अशा जागा शोधल्या, तेव्हा त्या मोजक्याच निघाल्या आणि त्यांवरच्या खुणा पुढच्या पिढीत सहसा उतरत नव्हत्या. गर्भसंस्काराच्या वर्गांतून डच दुष्काळ आणि अगूटी उंदीर हे दोन दाखले मंत्र, राग आणि सुविचार यांच्या समर्थनार्थ दिले जातात. दोन्ही दाखले पोषणाचे आहेत. आईच्या पोटातल्या काळाचे महत्त्व कोणी नाकारत नाही. पण जे तपासले गेले ते जेवणाचे ताट होते.

आणि ताटाचा प्रश्न महाराष्ट्रात खराच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. २००८ साली त्यातून आलेल्या निष्कर्षानुसार सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी होते, आणि ज्या आयांचे ब-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. फोलेट आणि ब-१२ हे दोन्ही शरीरातल्या मिथाइलच्या पुरवठ्याचे भाग आहेत. दूध-अंडी-मांस कमी असलेल्या जेवणात ब-१२ तुटते, पालेभाज्या आणि गोळ्यांतून फोलेट मिळत राहते, आणि मिथाइल पुरवणारे चक्र अडते. इथे मिथाइलच्या खुणांचा संबंध असणे पटण्यासारखे आहे, पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे, आणि याच गटाने पुढे जे केले ते म्हणूनच मला अधिक मोलाचे वाटते. त्या अभ्यासात जन्मलेली मुले-मुली किशोरवयात आल्यावर त्यांना ब-१२ देण्याची नियंत्रित चाचणी सुरू झाली, लग्न आणि गर्भधारणा यांच्या आधीपासून, काहींना ब-१२, काहींना सोबत इतर सूक्ष्म पोषके आणि काहींना औषधाविना नुसती गोळी. त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांची वाढ आणि प्रकृती हा त्यातला मुख्य प्रश्न. डीएनएवरच्या खुणा वाचणे हे त्याच्या जोडीचे काम. दरम्यान ब-१२ची उणीव ओळखायला मिथाइलच्या महागड्या चाचणीची गरज नाही. ती रक्ताच्या साध्या तपासणीत कळते आणि गोळीने भरून निघते.